घरच्या ओटीवरील सान्सेव्हेरिया : लागवड, निगा व अभिवृद्धी

वसई तालुक्यातील निर्मळ, गास, वाघोली, भुईगाव या पट्ट्यातील वाडी ही पिढ्यान्‌पिढ्या बागायतीसाठी प्रसिद्ध आहे. केळी, नागवेल, नारळ, सोनचाफा, मोगरा आणि जास्वंद यांची जोपासना करणारे येथील शेतकरी पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात फुले पोहोचवीत आले आहेत. अशा कसबी हातांना कुंडीतील एक झाड सांभाळणे अवघड नसावे, असे कोणासही वाटेल. परंतु अनुभव वेगळा आहे. रोपवाटिकेतून हौसेने आणलेले 'स्नेक प्लांट' पहिल्याच पावसाळ्यात बुडापासून कुजून जाते, आणि 'हे झाड आमच्या हवेस मानवत नाही' असा समज पसरतो. खरे पाहता येथील उष्ण व दमट हवा या झाडास चांगली मानवते. मानवत नाही ते केवळ अति पाणी. वाडीतील बहुतेक पिके पाण्यावर वाढतात, हे झाड मात्र पाण्याने मरते. हा एक फरक ध्यानात आला की पुढील काम सोपे होते.

झाडाची ओळख

बाजारात 'स्नेक प्लांट' या नावाने विकले जाणारे हे झाड वनस्पतिशास्त्रात दीर्घकाळ सान्सेव्हेरिया ट्रायफॅसिएटा या नावाने ओळखले गेले. अलीकडे शास्त्रज्ञांनी त्याचा समावेश ड्रॅसीना या कुळशाखेत केला आहे. तथापि रोपवाटिकांत जुनेच नाव रूढ आहे व तेच या लेखात वापरले आहे. त्याचे मूळ स्थान पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशात, नायजेरियापासून काँगोपर्यंत आहे. पाने जाड, ताठ व तलवारीसारखी असून त्यांवर फिकट व गडद हिरव्या रंगाचे आडवे नागमोडी पट्टे असतात. या पट्ट्यांवरूनच झाडास सापाचे नाव मिळाले.

या झाडाचे एक भावंड आपल्या देशातही आहे. सान्सेव्हेरिया रॉक्सबर्गियाना या नावाच्या भारतीय जातीच्या पानांतून चिवट धागा निघतो. धनुष्याच्या दोरीस संस्कृतात 'मौर्वी' म्हणतात, आणि हा शब्द 'मूर्वा' या वनस्पतीवरून आला आहे. मूर्वा म्हणून निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती दाखविल्या जातात. त्यांत या भारतीय सान्सेव्हेरियाची गणना होते. म्हणून नाव परके असले तरी हे कुळ आपणास अगदीच अनोळखी नाही.

सामान्यतः तीन प्रकार लागवडीत आढळतात. पहिला, उंच वाढणारा साधा हिरवा प्रकार. याची पाने दोन ते चार फुटांपर्यंत वाढतात. दुसरा, पानांच्या दोन्ही कडांना पिवळी पट्टी असलेला 'लॉरेन्टी'. तिसरा, जमिनीलगत गुलाबाच्या पाकळ्यांसारखी आखूड पाने धरणारा 'हानी'. हा बुटका प्रकार १९३९ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथे प्रथम आढळला. ज्याच्याजवळ जागा थोडी आहे त्याने बुटका प्रकार निवडावा.

झाडाचा स्वभाव

निगा कशी राखावी हे ठरविण्यापूर्वी झाडाचा स्वभाव समजून घेणे इष्ट आहे. केळीला जसा जमिनीखाली गड्डा असतो व त्यातून मुनवे फुटतात, तसेच सान्सेव्हेरियाचे खोड जमिनीखाली आडवे पसरते व त्यातून बाजूला नवे फुटवे येतात. हे भूमिगत खोड व जाड पाने ही दोन्ही पाण्याची कोठारे आहेत.

बहुतेक झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून हवा आत घेतात. त्या वेळी त्यांच्यातील पाणीही वाफ होऊन निघून जाते. सान्सेव्हेरिया ही छिद्रे मुख्यतः रात्री, हवा थंड असताना उघडतो. रात्री घेतलेला कर्बवायू तो साठवून ठेवतो व दिवसा उजेडात त्यापासून अन्न तयार करतो. त्यामुळे त्याचा पाण्याचा खर्च फार थोडा असतो. जेवढा खर्च थोडा, तेवढी आवकही थोडीच हवी. खर्च नसलेल्या कुंडीत रोज तांब्याभर पाणी ओतले तर ते मुळाशी साचून राहते.

मुळांनाही श्वासासाठी हवा लागते. पाण्याने भरलेल्या मातीत हवेस जागा उरत नाही. मुळे गुदमरून मरतात व मेलेल्या मुळांवाटे कूज आत शिरते. येथे एक फसवणूक होते, ती विशेष ध्यानात ठेवावी. मुळे मेली तरी पानांत साठविलेल्या पाण्यामुळे पाने कित्येक आठवडे हिरवी राहतात. पुढे ती सुरकुततात व कलू लागतात. घरातील माणसास वाटते, झाड तहानलेले आहे. म्हणून ते आणखी पाणी घालते. अशा प्रकारे बहुतेक झाडे उपेक्षेने नव्हे, तर मायेने मरतात.

जागा व उजेड

हे झाड कमी उजेडात तग धरते, म्हणून त्याला अंधार आवडतो असे नव्हे. काळोख्या कोपऱ्यात ते मरत नाही, पण वाढतही नाही. पट्टे फिके होतात आणि पाने लवचिक होऊन आडवी पडतात. ओटी, पडवी किंवा पूर्वेकडील खिडकी ही जागा सर्वांत चांगली. सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास मिळाले तर पाने ताठ राहतात. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारचे थेट ऊन मात्र पानांवर पांढुरके करपे पाडते. सावलीतील कुंडी एकदम उन्हात ठेवू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू उजेड वाढवावा.

वाडीत लावावयाचे असल्यास नारळ किंवा चिकू यांच्या विरळ सावलीत, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच गादीवाफ्यावर लावावे. सखल वाफ्यात लावलेले झाड पावसाळ्यात टिकत नाही. केळीच्या किंवा पानवेलीच्या पाटाशेजारीही लावू नये, कारण तेथे माती सतत ओली असते. दहा अंश सेल्सिअसखालील थंडी या झाडास बाधते. परंतु समुद्रकाठच्या या पट्ट्यात ती भीती बहुधा नसते.

कुंडी व माती

कुंडी मातीची असावी. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. प्लास्टिकची कुंडी किंवा जुना डबा वापरावयाचा असल्यास बुडाशी बोटभर रुंदीची चार-पाच भोके पाडावीत. कुंडी मुळांच्या गड्ड्याहून दोन बोटे रुंद असली की पुरे. लहान झाड मोठ्या कुंडीत लावल्यास मुळांच्या आवाक्याबाहेरची माती ओलीच राहते व कूज लागते.

मातीचे मिश्रण पुढीलप्रमाणे करावे :

वाडीतील पोयट्याची किंवा लाल माती : २ भाग
जाड रेती किंवा विटांचा बारीक चुरा : २ भाग
चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत : १ भाग

मूठभर कोळशाचा चुरा मिळाल्यास मिसळावा. समुद्रकिनाऱ्यावरील वाळू वापरू नये. तिच्यातील क्षार मुळांस मारक ठरतात. नारळाच्या काथ्याचा भुसा वापरावयाचा असेल तर तो गोड्या पाण्यात दोन-तीन वेळा भिजवून व धुऊन घ्यावा. मिश्रण बरोबर झाले की नाही हे पाहण्याची खूण सोपी आहे : ओले मिश्रण मुठीत दाबून मूठ उघडावी, गोळा बोटाच्या हलक्या धक्क्याने फुटला तर मिश्रण योग्य, तसाच राहिला तर रेती वाढवावी.

पाणी : निगेतील मुख्य गोष्ट

पाणी दिवस मोजून देऊ नये. माती पाहून द्यावे. दोन बोटे मातीत खोल खुपसावीत. आत ओल लागली तर पाणी देऊ नये. कोरडी लागली तर बुडातून पाणी निघेपर्यंत एकदाच भरपूर द्यावे व पुन्हा माती कोरडी होईपर्यंत थांबावे. पानांच्या मध्यभागी पाणी ओतू नये. ते तेथे साचून कोंब सडवते.

अंदाजासाठी ऋतुमान पुढीलप्रमाणे धरावे. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, उन्हाळ्यात, आठ ते दहा दिवसांनी एकदा. कार्तिक महिन्यातील निर्मळच्या यात्रेपासून माघापर्यंत, हिवाळ्यात, दोन ते तीन आठवड्यांनी एकदा. मृगापासून नवरात्रापर्यंत, पावसाळ्यात, तीन ते चार आठवड्यांनी एकदा किंवा त्याहूनही कमी. या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व हवा सतत ओली असते. त्या काळात उघड्यावरील कुंड्या पागोळ्यांखालून उचलून पडवीत घ्याव्यात. हे एक काम मृगापूर्वी झाले तर निम्मी झाडे वाचतील.

कुंडीखालील ताटलीत पाणी साचू देऊ नये. ते झाडास अपायकारक आहेच. शिवाय अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणारे डास वाढतात. ताटली आठवड्यातून किमान एकदा रिकामी करून घासून पुसावी.

खाऱ्या विहिरींचा प्रश्न

वसईच्या बागायतीपुढील मोठे संकट म्हणजे गोड्या विहिरींचे खारे होत जाणे. समुद्रालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते. पानवेल व केळी यांना त्याची झळ लागते, तशी ती कुंडीतील झाडांनाही लागते. कुंडीच्या काठावर पांढरी बुरशीसारखी पण चुरचुरीत पुटे दिसणे आणि पानांची टोके तपकिरी होऊन वाळणे, ही क्षार साचल्याची लक्षणे होत.

उपाय दोन आहेत. पहिला, पन्हाळीचे पावसाचे पाणी झाकणाच्या पिंपात साठवून कुंड्यांसाठी वापरावे. झाडाची गरज अल्प असल्याने एक पिंप अनेक कुंड्यांना दीर्घकाळ पुरते. दुसरा, क्षार साचले असतील तर जूनमधील पहिल्या दोन-तीन चांगल्या सरींत कुंडी उघड्यावर ठेवून माती धुऊन निघू द्यावी व लगेच पुन्हा आडोशास न्यावी. वाळलेले टोक पुन्हा हिरवे होत नाही. ते कात्रीने पानाच्या आकारानुसार छाटावे.

अभिवृद्धी

अभिवृद्धीच्या दोन पद्धती आहेत.

फुटवे वेगळे करणे : केळीचा मुनवा काढणाऱ्यास ही पद्धत शिकविण्याची गरज नाही. फुटव्यास तीन-चार पाने व स्वतःची मुळे आली म्हणजे कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढावा, माती झाडावी आणि धारदार, स्वच्छ चाकूने आडवे खोड कापून फुटवा वेगळा करावा. कापलेला भाग दोन दिवस सावलीत सुकू द्यावा व नंतर लावावा. पाणी पाच-सहा दिवसांनी द्यावे. फेब्रुवारी-मार्च हा उत्तम काळ; ऑक्टोबर-नोव्हेंबरही चालतो.

पानांचे तुकडे लावणे : पूर्ण वाढलेले निरोगी पान बुडाशी कापून त्याचे तीन ते चार इंच लांबीचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याची जमिनीकडील बाजू कोणती होती हे लक्षात राहावे म्हणून त्या बाजूस कोयरीच्या टोकासारखा निमुळता छेद द्यावा. तुकडा उलटा लावल्यास मुळे फुटत नाहीत. तुकडे तीन-चार दिवस सावलीत सुकवून ओलसर रेतीत एक तृतीयांश खोल खोचावेत. उष्ण दिवसांत चार ते आठ आठवड्यांत मुळे फुटतात; नवा कोंब वर येण्यास आणखी दोन-तीन महिने लागतात. घाई करून तुकडा उपटून पाहू नये. जुलै-ऑगस्टमध्ये ही लागवड करू नये, तुकडे कुजतात.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. पिवळ्या काठाच्या प्रकाराची अभिवृद्धी पानांच्या तुकड्यांपासून केल्यास येणारी रोपे साधी हिरवी निघतात, पिवळी किनार येत नाही. कारण त्या झाडात दोन प्रकारच्या पेशींचे थर एकत्र नांदत असतात, आणि पानाच्या तुकड्यातील नवा कोंब केवळ आतल्या हिरव्या थरातून फुटतो. फुटव्यात मात्र दोन्ही थर येतात. विक्रीच्या उद्देशाने पिवळ्या काठाची पाने कापून शंभर तुकडे लावणाऱ्याच्या हाती सहा महिन्यांनंतर शंभर साधी हिरवी रोपे येतील, आणि चांगले मातृझाडही पानांवाचून उघडे पडेल. पिवळ्या काठाचा प्रकार नेहमी फुटव्यांपासूनच वाढवावा.

खत

या झाडाची भूक थोडी आहे. फेब्रुवारीत व ऑक्टोबरात प्रत्येक कुंडीस एक-दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत मिसळले की पुरे. युरिया देऊ नये. त्याने पाने लुसलुशीत होऊन कोलमडतात. दोन-तीन वर्षांनी फुटव्यांनी कुंडी भरून फुगू लागली की झाड काढून विभागावे. काही वेळा जुन्या झाडास हिरवट पांढऱ्या, रात्री सुवास देणाऱ्या फुलांचा तुरा येतो. तुरा आलेल्या फुटव्यास पुढे नवी पाने येत नाहीत. तथापि तो मरत नाही आणि बाजूचे फुटवे वाढतच राहतात.

रोग व किडी

बुडाची कूज : पान बुडाशी मऊ व पाणचट होते, दुर्गंधी येते व पान सहज उपटून येते. झाड ताबडतोब कुंडीबाहेर काढावे, मऊ भाग कडक, निरोगी गर लागेपर्यंत कापून टाकावा, चार-पाच दिवस सावलीत सुकवावे व नव्या कोरड्या मिश्रणात लावावे. बूड पूर्ण गेले असल्यास पानाचा वरचा निरोगी भाग तुकडे लावण्यास वापरावा. प्रत्येक कापानंतर चाकू स्वच्छ पुसावा.

पांढरी बुरशी : जमिनीलगत पांढरे तंतू व मोहरीच्या दाण्यांसारखे गोल, तपकिरी कण दिसतात. असे झाड मातीसह नष्ट करावे. ते उकिरड्यावर टाकू नये, कारण हे कण मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात व वाडीतील अन्य पिकांसही त्रास देतात.

पिठ्या ढेकूण : पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात. ओल्या फडक्याने पुसून काढावेत व एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावे; आठ दिवसांनी पुन्हा फवारावे.

कोळी व गोगलगाई : उन्हाळ्यात पाने निस्तेज होऊन बारीक जाळी दिसल्यास कोळ्यांचा उपद्रव समजावा, पाने दोन्ही बाजूंनी धुऊन पुसावीत. पावसाळ्यात गोगलगाई रात्री पाने कुरतडतात. कंदील किंवा बॅटरी घेऊन त्या वेचून काढणे हाच खात्रीचा उपाय होय.

काही समज व त्यांतील तथ्य

'हे झाड हवा शुद्ध करते' असे सांगून त्याची विक्री केली जाते. या समजाचे मूळ अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. त्या प्रयोगांत लहान, पूर्णपणे बंद पेट्यांमध्ये झाडे ठेवली होती व त्यांनी पेटीतील काही विषारी वायू कमी केले, हे खरे. परंतु घर ही बंद पेटी नव्हे. अशा अनेक प्रयोगांचा फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली फेरविचार केला. उघड्या दारा-खिडक्यांतून व फटींतून होणाऱ्या वायुवीजनाइतका परिणाम साधण्यास जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. म्हणजे दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीत कमीत कमी नव्वद झाडे ठेवावी लागतील. हवा शुद्ध करण्यासाठी खिडकी उघडणे अधिक सोपे व स्वस्त आहे.

'हे झाड रात्री प्राणवायू सोडते' हेही बरोबर नाही. ते रात्री कर्बवायू घेते. प्राणवायू मात्र उजेडातच तयार होतो.

तिसरा समज अधिक धोक्याचा आहे. नावावरून काही लोक मानतात की हे झाड दाराशी असल्यास साप येत नाही. याला आधार नाही. झाड सापास बोलावीत नाही व हाकलीतही नाही. साप दूर ठेवण्यासाठी घराभोवतालचे गवत, लाकडांचे ढीग व उंदरांची बिळे नाहीशी करावीत. आणि सर्पदंश झाल्यास वेळ न घालविता रुग्णास रुग्णालयात न्यावे.

सावधगिरी

पानांच्या रसात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. पाने खाल्ल्यास मळमळ, वांती व जुलाब होऊ शकतात. कुत्री व मांजरे यांनाही ते बाधते. म्हणून कुंडी रांगत्या मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी आणि छाटलेली पाने शेळ्यांपुढे किंवा गुरांपुढे टाकू नयेत.

जोडधंद्याची शक्यता

नालासोपारा, विरार व वसई येथे गेल्या काही दशकांत इमारती फार वाढल्या. वाडीची जमीन घटली, त्याचबरोबर कुंडीतील झाडे विकत घेणारी कुटुंबेही वाडीच्या दाराशी आली. ज्या घरात जमीन थोडी उरली आहे, विहीर खारी झाली आहे आणि घरातील स्त्रियांच्या हाती झाडांचे कसब आहे, त्या घरास पडवीतील शंभर-दीडशे कुंड्यांची लहान रोपवाटिका उपयोगी पडू शकेल. या झाडास पाणी थोडे लागते आणि न विकलेले रोप फुलासारखे संध्याकाळपर्यंत कोमेजत नाही. ते पुढच्या महिन्यातही विकता येते.

तथापि उत्साहाच्या भरात सोनचाफा किंवा पानवेल उपटून हे झाड लावणे शहाणपणाचे नाही. प्रथम दहा मातृझाडे ठेवावीत, एक पावसाळा काढावा, किती फुटवे मिळाले, किती रोपे मेली व किती विकली गेली याची वहीत नोंद करावी, आणि मगच वाढ करावी. ग्राहकास रोप देताना झाडाचे खोटे गुण सांगू नयेत. त्याऐवजी पाणी केव्हा द्यावे हे समजावून सांगावे. ज्याचे झाड जगते तोच पुन्हा येतो व शेजाऱ्यास घेऊन येतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

मे महिन्याच्या अखेरीस गावातील महिला मंडळाच्या किंवा शेतकरी गटाच्या बैठकीत दोन कुंड्या दाखवाव्यात : एक बुडाशी भोके असलेली व रेतीमिश्रित मातीची, दुसरी भोके नसलेली व चिकण मातीची. दोन्हींत सारखेच पाणी ओतून निचरा प्रत्यक्ष दाखवावा. कुजलेले एखादे झाड मिळाल्यास ते उपटून मेलेली मुळे सर्वांच्या हाती द्यावीत. दहा भाषणांपेक्षा हे एक प्रात्यक्षिक अधिक परिणामकारक होईल. अधिक तांत्रिक सल्ल्यासाठी डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राशी किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाशी संपर्क साधण्यास शेतकऱ्यांना सांगावे.

सारांश : निचऱ्याची कुंडी, रेतीमिश्रित माती, सकाळचे ऊन, कोरडी माती पाहून पाणी आणि मृगापूर्वी आडोसा, या पाच गोष्टी सांभाळल्या तर ओटीवरील हे झाड वर्षानुवर्षे टिकेल व आपल्या फुटव्यांनी शेजारच्या चार ओट्याही हिरव्या करील.